ओदुवारांच्या गाण्यातली टक्

वेदवल्लीबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक कबूल करायला हवी, कारण गप्प बस असं तिला मीच सांगितलं होतं. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या ट्रंक एक्स्चेंजमधली कुठलीही बाई सांगेल. पण त्या एका वेळी मी शहाणपणा शिकवायला गेले, आणि ती बिचारी बारा वर्षं आतल्या आत झुरत राहिली.

आम्ही दोघी मद्रासच्या ट्रंक बोर्डवर एकोणीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. समोर भिंतीएवढा लाकडी बोर्ड, त्यात पितळी काठाच्या भोकांच्या रांगाच रांगा, पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या, कानाला हेडफोन. कुणी मदुरै मागायचं, कुणी सेलम. दोरी उचलायची, तिचा प्लग भोकात घालायचा, की दोन माणसं जोडली गेली. पण घालायच्या आधी प्लगचं टोक भोकाच्या पितळी काठावर नुसतं टेकवायचं. कानात ‘टक्’ वाजलं तर त्या लाइनवर दुसऱ्या बोर्डवरून कुणीतरी बोलतंय, हात लगेच मागे. काहीच वाजलं नाही तर लाइन मोकळी. आमच्या सुपरवायझर बाई नव्या पोरींकडून पहिले आठ दिवस हेच घोकून घ्यायच्या. "आधी टक्, मग प्लग." तसं न करता दोरी घुसवली की आपण कुणाच्या तरी बोलण्यात घुसलो. बाप सासरच्या मुलीशी काही जिवाचं बोलत असायचा आणि मध्येच तिसराच माणूस "हलो, हलो, राइस मिल का?" करायचा. माझ्याकडून असं पुष्कळदा झालं. वेदवल्लीकडून एकदाही नाही. "कोमळम, जरा वेदवल्लीकडे बघ," हे वाक्य मी एकोणीस वर्षं ऐकलं, आणि खरं सांगते, मला तिचा राग यायचा.

तिचा हात इतका सरावला होता की घरी कुलपाला किल्ली लावतानासुद्धा ती आधी किल्ली नुसती टेकवायची, थांबायची, मग आत घालायची. डब्याचं झाकण लावताना तेच. मी विचारायचे, "काय गं, डबा एंगेज आहे का?" ती हसायची नाही. मुळात घाबरट. ड्यूटीच्या आधी चाळीस मिनिटं येऊन बसणार, निघताना गॅसचा खटका तीनदा बघून आलेली असणार, आणि तरी दुपारी मला विचारणार, "कोमळा, मी गॅस बंद केला असेल ना गं?" वडील लवकर गेले, धाकट्या दोन भावंडांची शिक्षणं हिने केली, लग्नाचं राहूनच गेलं. आपल्या हातून काही चुकलं तर दोन घरं बुडतील, या धाकात तिचं सगळं तारुण्य सरलं होतं. तो धाक नंतरही गेला नाही.

मग घरोघरी लोक स्वतःच नंबर फिरवून परगावी बोलायला लागले आणि आमचा बोर्ड निघाला. मला चौकशीच्या टेबलावर बसवलं, तिथे बडबड करायला मिळते, मी खूश. तिला फायलींच्या खोलीत टाकलं. तिथे ती सुकत गेली. वीस वर्षं भरताच निवृत्ती घेऊन सालिग्रामममधल्या दोन खोल्यांत जाऊन बसली. भेटायला गेलं की कॉफी करायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची.

खिडकीखाली अरुळराजचं घर होतं. हा लग्नातल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा आणि मागच्या खोलीला गाद्या न् काथ्याची तट्टं ठोकून त्याने घरातच रेकॉर्डिंगची सोय केली होती. भक्तिगीतांच्या कॅसेट काढायचा, मेरीमातेच्याही आणि मुरुगनच्याही. बायको स्टेल्ला भिंतीपलीकडे स्वयंपाक करायची, म्हणून टेप सुरू व्हायच्या आधी हा ओरडायचा, "स्टेल्ला, कुकर उतरव." त्याची खरी अडचण तारांची. चार माइक, मिक्सर, टेपचं यंत्र, आवाज घुमवणारा डबा, हे याला जोडायचं आणि ते त्याला, म्हणजे दर वेळी यंत्रामागे पालथं पडून तारा उपसायच्या. मोठ्या स्टुडिओत सगळ्या तारा समोरच्या भोकांच्या पट्टीवर आणलेल्या असतात, दोरी या भोकातून त्या भोकात घातली की काम झालं. त्याने विचार केला, हे तर टेलिफोनवाल्यांचंच आहे. म्हणून पुदुपेटच्या भंगारातून तो एक जुना ट्रंक बोर्ड हातगाडीवर घालून घेऊन आला. आणला खरा, पण कुठली तार कुठे जाते हे काही त्याला उमगेना.

वेदवल्ली गच्चीत कपडे वाळत घालत होती. अंगणात बोर्ड दिसला तशी ओल्या हातांनीच खाली आली.

"तंबी, पान्याने उचकटू नकोस. मागची पट्टी आधी सुटते."

"अक्का, तुम्हाला कसं माहीत?"

"माझा आहे तो बोर्ड."

मी बघायला गेले तर मलाही तिने तेच ऐकवलं. हा आपलाच सात नंबरचा बोर्ड. मी म्हटलं, "सगळे सारखेच असतात गं, सात नंबर त्याच्या कपाळावर लिहिलाय का?" तिने मला काठावरचा एक ओरखडा दाखवला. "हा तू हेअरपिनने काढलेला." मी इतक्या बोर्डांवर ओरखडे काढलेत की हा कुठला, हे देवालाच ठाऊक.

मग दोन महिने डाग देत अरुळराज बसायचा आणि तारा ओळखून हातात ही द्यायची. कुठल्या भोकात प्लग गेला की मागची पत्ती उचलून जुना रस्ता तुटतो, आणि प्लग काढला की तो आपोआप परत जुळतो, हे तिला डोळे मिटून माहीत. तिने प्रत्येक भोकाखाली बारीक अक्षरांत नावं चिकटवली. पुढे टेप चालू असताना दोऱ्या हलवायचं कामही तिचंच झालं. तो काचेपलीकडच्या गाणाऱ्याकडे बघत एक बोट वर करायचा, हिची दोरी हललेली असायची. बाई पुन्हा माणसांत आली. काळजी करायलाही तिला हक्काची जागा मिळाली.

एकोणनव्वद सालच्या आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या देवीच्या उत्सवात, शिवक्कोळुंदु ओदुवार आले. तंजावरकडच्या एका शिवालयात पन्नास वर्षं रोज जुनी तमिळ स्तोत्रं म्हणणारा माणूस; असे गाणारे म्हणजे ओदुवार. गळ्याला कर्करोग. सोमवारी ऑपरेशन होतं, त्यात आवाजाची पेटीच काढणार होते. त्यांच्याकडे एक स्तोत्र असं होतं, की ते त्या वळणाने म्हणणारे सगळ्या मुलखात दोघेच उरले होते आणि त्यातले एक मागच्या वर्षी गेले होते. तालाशिवाय म्हणायचं, लांब श्वासाचं. मुलगी तिलकवती स्वतः चांगली गाणारी, पण हे एक त्यांनी तिला दिलं नव्हतं. तू अजून तयार नाहीस म्हणत राहिले, आणि हे दुखणं आलं.

तिलकवतीने आल्या आल्या वेदवल्लीचा हात धरला. "अम्मा, हे एकदाच होईल. डॉक्टर बोलूसुद्धा देत नाहीत. अप्पांनी हट्ट केला म्हणून आणलंय."

झालं. वेदवल्लीने सगळे प्लग दोनदा पुसले, सगळ्या दोऱ्या तीनदा बघितल्या.

त्यात आडी महिना, म्हणजे गल्लीच्या टोकाला अम्मन देवीच्या देवळाचे भोंगे दिवसभर चालू. अरुळराजने देवळाच्या कमिटीच्या हातापाया पडून दुपारी चार ते साडेचार एवढाच वेळ शांतता मागून घेतली होती. चारला पाच कमी असताना स्टेल्लाने कुकर उतरवला. पंखा बंद झाला. ओदुवार पाटावर बसले. अरुळराज त्यांना हेडफोन द्यायला गेला तर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कानाला झाकणं लावून देवाला हाक मारू होय?" मागे तिलकवती सुरपेटी धरून.

ते गायला लागले. पहिली ओळ फाटकी आली. दुसऱ्या ओळीला आवाज कुठून तरी खालून वर आला आणि उभा राहिला. वेदवल्ली म्हणते, तिच्या कानात एवढा आवाज कधी आला नव्हता, आणि इतका हळूही. अर्ध्याच्या पुढे गेले असतील, तेवढ्यात बाहेर भोंगा खरखरला. "हलो, माइक टेस्टिंग." साडेचार व्हायला अजून दहा मिनिटं होती. बंद खोलीत तो आवाज अजून पोचला नव्हता, पण काचेच्या अलीकडे ऐकू आला. दाराकडे पळता पळता अरुळराजने सुरपेटीचा आवाज दाखवणाऱ्या मिक्सरवरच्या काट्याकडे बोट दाखवलं आणि हाताने खाली केलं. म्हणजे सुरपेटी मोठी येतेय, ती दुसऱ्या लाइनवर घे. आणि तो पळाला देवळाकडे.

ती एकटी. कानात ओदुवार. दोरीचं एक टोक बोर्डात होतंच, दुसरं तिने उचललं. रिकामं भोक कुठलं हे तिला ठाऊक होतं, नाव तिनेच चिकटवलं होतं. नुसतं घालायचं होतं. पण घाबरलेल्या माणसाचं डोकं बंद पडतं आणि हात जुनं काम करतो. आधी टक्, मग प्लग. तिने टोक टेकवलं, आणि ते घाईत शेजारच्या भोकावर टेकलं, ओदुवारांच्या माइकच्या.

टक्.

लाइनवर कुणीतरी बोलतंय. तिचा हात झटक्यात मागे आला, एकोणीस वर्षं यायचा तसाच.

ओदुवारांना काहीच कळलं नाही. टक् झाली ती तारेत. ते शेवटपर्यंत गायले, आणि शेवटच्या अक्षरावर त्यांना खोकला आला. पंच्याला रक्त लागलं. अरुळराज घामाघूम होऊन परत आला, भोंगा त्याने अडवला होता. टेप मागे घेऊन लावली. सगळे ऐकत बसले आणि दोन लांब सुरांच्या मधल्या शांततेत स्वच्छ वाजलं. टक्.

"हे काय?" अरुळराजने कपाळाला आठ्या घातल्या.

वेदवल्लीने तोंड उघडलं. पण तिच्या आधी तिलकवती बोलली. "अप्पांनी चुटकी वाजवली. हो ना अप्पा?"

ओदुवार डोळे मिटून बसले होते. त्यांनी मान हलवली. आता आमच्याकडची मान म्हणजे, हो म्हणायलाही तशीच हलते आणि नाही म्हणायलाही.

"मग राहू दे," अरुळराज म्हणाला. "तेवढं कापायला गेलो तर सूर तुटेल."

वेदवल्लीचं उघडलेलं तोंड मिटलं.

दिवे लागायच्या आत ती माझ्याकडे आली आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं. "मी घुसले, कोमळा. त्यांच्या बोलण्यात मी घुसले." मी तिला कॉफी दिली आणि झापलं. "एवढीशी टक्. म्हातारा परत गाणार आहे का? मग सांगून कुणाचं भलं होणार? तोंडाला कुलूप लाव आता." ऑपरेशननंतर ती दवाखान्यात निघाली होती. म्हणाली, ते पाटीवर लिहितात म्हणे, मी विचारते, माफी मागते. मी तिला बसस्टॉपवरून परत आणलं. "मरणाच्या दारातल्या माणसाच्या उरावर धोंडा ठेवायला निघालीस?" मला वाटलं मी तिला वाचवतेय. मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, ओदुवार गेले.

कॅसेट मात्र घरोघरी गेली. मार्गळीत पहाटे देवळांच्या भोंग्यांवर, चहाच्या दुकानात, टाउन बसमध्ये. वेदवल्ली माझ्याबरोबर चालता चालता थांबायची. मला आधी कळायचं नाही, मग लांबून तो आवाज यायचा. ती जागा येईपर्यंत तिचा श्वास अडकलेला असायचा. टक् होऊन गेली की पाऊल पुढे. उजव्या मनगटाला तिने काळा दोरा बांधला होता, हाताला आठवण राहावी म्हणून. त्यानंतर बोर्डवर तिने कधीच टोक टेकवलं नाही, पण घरचं कुलूप उघडायला तिला पाच मिनिटं लागायची, कारण किल्ली टेकवू नये म्हणून ती हाताशी भांडत उभी राहायची. दर वर्षी तिलकवतीची पत्रिका यायची, अप्पांच्या पुण्यतिथीची. दर वर्षी हिला नेमका ताप यायचा.

बाराव्या वर्षी मीच तिला ओढून नेलं. म्हटलं, पुरे झालं हे. वडपळनीच्या एका देवळाच्या मंडपात तिलकवतीची वीसेक मुलं-मुली ओळीने बसली होती, कपाळाला भस्म लावून. तिने ते स्तोत्र त्या टेपवरूनच शिकून घेतलं होतं आणि आता या मुलांना दिलं होतं. मुलं गायला लागली. वेदवल्लीने माझं मनगट धरलं. ती जागा आली आणि वीस हात वर झाले, वीस चुटक्या एकदम वाजल्या.

टक्.

पहिल्यांदा मला हसू फुटलं, खोटं का सांगू. मग वेदवल्लीकडे बघितलं आणि हसू घशातच सुकलं.

गाणं झाल्यावर तिलकवती लोकांना समजावत होती. "इथे अप्पा चुटकी वाजवायचे. तालाशिवायच्या गाण्यात चुटकी का, हे मी वर्षानुवर्षं शोधतेय. मला वाटतं इथे शब्द संपतात आणि भक्त दारावर टकटक करतो. आता तंजावरकडची मुलंही असंच म्हणतात."

"कोमळा, मी सांगणार," वेदवल्ली म्हणाली.

"वेड लागलंय का? एवढ्या लोकांत?"

"लोकांत नाही. पण आज. आणि तू मध्ये पडू नकोस."

एवढ्या वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. लोक प्रसादाच्या हरभऱ्यांचे, सुंडलचे, द्रोण घेऊन पांगले तेव्हा ती तिलकवतीसमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दोरी, भोक, काठ, टक्. मी मागून म्हटलं, "गप्प बस असं हिला मी सांगितलं होतं." माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

तिलकवती म्हणाली, "म्हणजे ती अप्पांची नव्हती."

"नव्हती," वेदवल्ली म्हणाली.

"दवाखान्यात मी त्यांना विचारलं होतं. चुटकी का वाजवलीत म्हणून. त्यांनी पाटीवर लिहिलं, कुठली चुटकी?" तिचा आवाज अगदी सपाट होता. "मला वाटलं औषधांनी विसरताहेत. मी त्यांना टेप लावून दाखवली. म्हटलं, ही बघा, तुम्हीच वाजवलीत. ते म्हणायचे नाही, मी म्हणायची हो. दोन दिवस मी त्यांच्याशी वाद घातला, अम्मा. शेवटी त्यांनी लिहिलं, असेल."

वेदवल्ली तिथेच फरशीवर बसली. मी बसस्टॉपवरून तिला परत आणलं तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आला. ती त्या दिवशी गेली असती तर म्हाताऱ्याला ‘असेल’ लिहावं लागलं नसतं. मला तेव्हा रडायलाही लाज वाटली.

तिलकवतीने आम्हाला जा म्हटलं नाही की माफ केलं असंही म्हटलं नाही. ती वळली आणि मुलांना परत बोलावलं. मुलं तोंडं पुसत येऊन बसली.

"पुन्हा म्हणायचं. चुटकी नाही. हात मांडीवर."

"का, अक्का?" एका मुलीने विचारलं.

"ती चूक होती. अप्पा इथे नुसते थांबायचे."

मुलं गायला लागली. मी वेदवल्लीच्या शेजारी फरशीवर बसले आणि तिचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. ती जागा आली. वीस हात मांडीवर तसेच राहिले. मंडपात शांतता होती, ओदुवारांची होती तेवढीच लांब.

माझ्या तळहातावर वेदवल्लीचं बोट एकदा टेकलं, आणि लगेच मागे गेलं.